चौदाव्या गावाचा मिस कॉल

४ जुलै, शुक्रवार
चौदापैकी चौदा! धरणाखालच्या चौदाही गावांतून मिस कॉल आला — म्हणजे चाचणीत पुराचा भोंगा सगळीकडे वाजला. मोबाइल टॉवर पडला तरी चालावं म्हणून भोंग्याचे डबे रेडिओवर एकमेकांना निरोप देतात. आधी प्रत्येक डबा उरलेल्या तेरांना सांगायचा. १८२ निरोप, त्यांचीच आपसांत गर्दी. माझ्या रचनेत प्रत्येकाने पुढच्या फक्त दोघांना सांगायचं. पंचविसेक निरोपांत काम. एक डबा बंद पडला तरी दुसऱ्याकडून पोचतंच. तसं लिहून दिलं, सही केली. योगेशसरांनी अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात सगळ्यांना मिसळ दिली.

फक्त शेवटच्या तीन गावांचे कॉल अकरा-बारा मिनिटं उशिरा का?

५ जुलै
“भोंगा सांभाळणाऱ्या बाया शेतात असतील,” सर म्हणाले. असतील.

७ जुलै, सोमवार
असतील म्हणजे काय! रजा टाकली, कळवणची एसटी धरली, पुढे जीप.

चौदाव्या गावचा भोंगा कुसाबाई सांभाळतात. तो वाजलाच नव्हता, म्हणाल्या. मग मिस कॉल का दिला?

“छाया आली ना गाडीवर सांगत. निरोप मिळाला की कॉल द्यायचा, तुम्हीच म्हणले. मिळाला, दिला. चुकलं का?”

त्यांचं नाही, माझं चुकलं. चौदाला सांगणारे डबे दोन — बारा आणि तेरा. दोन्ही गावं विजेच्या एकाच डीपीवर. चाचणीच्या दिवशी ती जळून चार दिवस झालेले, बॅटऱ्या उतरलेल्या. मी एकच बिघाड धरला होता. एका डीपीने दोन करून दाखवले.

छाया अकराव्या गावची आशाताई. तिला कसं कळलं? “आमचा वाजला की मागून बाराचा ऐकू येतो. नाय आला. मग निघाले.” पोलिओचे डोस द्यायला निघावं तशी.

८ जुलै
सरांना सगळं सांगितलं. सही मागे घेतली. हातातलं काम जाणार असं वाटत होतं. सर म्हणाले, “मिसळ परत कर आता.” आणि स्वतः पाटबंधारे खात्याला फोन करून पंधरा दिवस मागून घेतले. इतक्या सरळ माणसाकडे नोकरी करते, हे मी किती वेळा विसरते.

२४ जुलै
छायाचीच युक्ती डब्यांत घातली — निरोप दिला की पुढच्याचा आवाज येतो का ऐकायचं. नाही आला तर त्याला ओलांडून पलीकडच्याला सांगायचं. सगळं ठीक असेल तर एकही निरोप जास्त नाही! बारा-तेरा मुद्दाम बंद ठेवले. चौदाचा भोंगा चाळीस सेकंदांत वाजला. अहवालात छायाचं नाव घातलं. “माझं कशाला मॅडम, गाडीचं घाला.”

१७ ऑगस्ट
सकाळी धरणातून पाणी सोडलं. तेरा गावांचे मिस कॉल आले. अकराचा नाही. छायाचा डबाच मुका — बाकीचे त्याला ओलांडून गेले, पण तिच्या गावाला कोण सांगणार? फोन लागेना.

पाऊण तासाने तिचाच आला. “आम्ही सगळे वर आलोय मॅडम. कुसाबाई आल्या सांगायला. टेकडीपलीकडून येतो तसा आमचा भोंगा त्यांना ऐकू नाय आला.”

टेकडी चढून. चालत.