शिमुलडांग्याची रिकामी हद्द

६ फेब्रुवारी २०१७

ठिपके छान पडले होते! दवाखान्यात नोंद झालेली प्रत्येक गरोदर बाई म्हणजे एक ठिपका, सांगितलेल्या पत्त्यावर. मागे नकाशा लावला, वर गावांच्या हद्दी चढवल्या — आणि मधेमधे पांढरी भोकं! आमचे साहेब प्रदोषदा मागून डोकावले. "जाहेदा, तुझा नकाशा उंदरांनी कुरतडला की काय?" सगळे हसले. मीही.

मग नीट पाहिलं. त्यातलं एक भोक म्हणजे शिमुलडांगा — माझं माहेर आणि सासरही. हद्दींची फाइल जुनी. दीड वर्षापूर्वीपर्यंत आमचं छिट बांगलादेशाचं होतं, चारी बाजूंनी भारत आणि मधे आम्ही. देश बदलला, फाइल तीच राहिली.

७ फेब्रुवारी

पुढच्या बुधवारी नकाशा जिल्ह्याला जायचा. ठिपके दाट आणि दवाखाना लांब, तिथे नवं उपकेंद्र, कायमची नर्स. भोकाला कोण नर्स देणार? गेल्या वर्षी रोशनारा भाभी दिनहाट्याच्या रस्त्यावर टोटो रिक्षातच बाळंत झाली. बाळ हाती लागलं नाही. मला हे भोक भरायचंच आहे.

९ फेब्रुवारी

मोजणी कचेरीतून नवी हद्द मिळाली. आधी ती नकाशावर भलतीकडेच जाऊन बसत होती. दुपारी एकदाची जागेवर आली. भोक भरलं!

आणि आत एकही ठिपका नाही. शेजारच्या बडोघरियात मात्र सांडलेल्या मोहरीसारखी गर्दी.

प्रदोषदा म्हणाले, "आत बाईच नाही. नर्स तिथे बसून काय बांबू मोजणार?"

१० फेब्रुवारी

सांगून टाकलं त्यांना. छिटातल्या बाईला परदेशी म्हणून इकडच्या दवाखान्यात घेत नसत. मग ती बडोघरियाच्या कुणाचं तरी नाव नवरा म्हणून सांगायची, पत्ताही त्याचाच. सवय आणि भीती, दोन्ही अजून तशीच आहेत. आमच्या सगळ्या बाया त्या मोहरीत आहेत.

प्रदोषदा म्हणाले, "पटतं गं. पण मी ठिपके हातानं उचलून तिकडे ठेवू का? त्यांनाच खरा पत्ता सांगू दे. बुधवारी संध्याकाळपर्यंत फाइल धरून ठेवतो." भला माणूस आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

दारोदार फिरले. कुणी तयार नाही!

सायरा फुफू, माझी आत्या, चुलीपुढे तांदळाचे पिठे वाफवत होती. "कळा येत असताना खरं सांगितलं असतं ना, तर पायरीवरूनच हाकललं असतं. आता म्हणतेस देश मिळाला. उद्या परत काढून घेतला तर?"

"फुफू, आता कोण काढून घेणार?"

"बरं. तुझ्या दाखल्यावर बाप कोण आहे, सांग बघू."

बडोघरियाचे हाफिजुल काका. शाळेचा दाखला, ओळखपत्र, ही कंत्राटी नोकरी — सगळं त्यांच्या नावावर उभं आहे. खरं सांगितलं की कागद जुळणार नाहीत, आणि नोकरी जाईल.

फुफूनं ताटली पुढे सरकवली. "खा. रागावू नकोस." राग कसला? मला माझीच लाज वाटत होती.

१३ फेब्रुवारी

एकही ठिपका हलला नाही.

१४ फेब्रुवारी

अब्बांना विचारलं, वाईट वाटायचं का हो? सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "शाळेत बक्षिसाला तुझं नाव पुकारायचे, तेव्हा हाफिजुल पुढच्या खुर्चीत असायचा. मी कुंपणाबाहेर. दिसायचीस पण तिथून, चांगली दिसायचीस."

रडू आलं. त्यांच्यासमोरच रडले.

१५ फेब्रुवारी

आधी दवाखान्यात गेले, मग कचेरीत. तिसरा महिना लागलाय. अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. नर्सनं विचारलं, गाव? शिमुलडांगा. वडील? आक्कास अली. तिनं माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हटलं, मी सांगते तेच लिहा.

संध्याकाळी नकाशा पुन्हा काढला. हद्दीच्या आत एक ठिपका.

"एकच?" प्रदोषदा म्हणाले. "कोण गं ही?"

म्हटलं, "मी."