सप्तपर्णीत जेवायची अट मी काढून टाकते

मी, सविता चिमाजी तिडके, वय सत्तर, शिवणकाम केले, आता घरीच, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची बायपास आहे. मला भीती वाटते. जेवण जात नाही, टीव्ही लावला तर लक्ष लागत नाही. पण भीती वाटते म्हणून डोके ठिकाणावर नाही, असे कोणी समजू नये. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही. उलट दोन्ही मुले म्हणतात की आताच हे कशाला.

१. माझे यजमान चिमाजी अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. सहा वर्षांपूर्वी ते वारले. आम्हाला दोन मुले. थोरली दीपमाला पंचवटीत दिली आहे, तिच्या सासरचा भाजीबाजारात गाळा आहे. धाकटा ललित पाथर्डी फाट्याला राहतो. या दोघांशिवाय मला वारस नाही. वडील गेल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. 'नव्हते' लिहावे की 'नाहीत', हे मला आजही ठरवता येत नाही.

२. दोन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते या लिखाणाने रद्द समजावे. त्यात घर दोघांना सारखे दिले होते, पण एक अट घातली होती. दरवर्षी वडिलांच्या वाढदिवशी दोघांनी 'सप्तपर्णी' या हॉटेलच्या कोणत्याही शाखेत एका टेबलावर बसून जेवायचे. माझ्या वकील छाया धात्रक यांनी तेव्हाच मला विचारले होते, "काकू, हॉटेल बंद पडलं तर अट पाळायची कुठे? कोर्ट काही हॉटेल उघडून देत नाही." मी म्हटले, पाच शाखा आहेत, पाचही कशा बंद पडतील? त्यांनी अट लिहिली.

पाचही बंद पडल्या. अट का घातली होती आणि का काढते आहे, हे माझ्यामागे मुलांना कळावे म्हणून लिहिते.

आम्ही दोघे नवराबायको भित्रे. मी मखमलाबादच्या फुलमळ्यातली, हे घोटीकडचे. मोठ्या हॉटेलात जायची आमची छाती नव्हती. वेटर आधी चपलांकडे बघतो, मग तोंडाकडे, असे ह्यांना वाटायचे. ललित शाळेत गेला त्या वर्षी ह्यांना बोनस मिळाला आणि कोणीतरी सांगितले म्हणून आम्ही कॉलेज रोडच्या सप्तपर्णीत गेलो. लाल रेक्झिनच्या बैठका, जाड प्लास्टिकचे मेन्यूकार्ड, टोमॅटो सूप. ह्यांनी मेन्यूकार्ड उलटसुलट करून शेवटी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, ते देतात तेच आम्हालाही द्या. कोणी हसले नाही. पुढच्या वेळी ह्यांनी स्वतः नाव घेऊन मागवले.

नंतर नाशिकरोडला, पंचवटीत, इथे सिडकोत, घोटीच्या महामार्गावर, जिथे जाऊ तिथे तेच सूप, तीच बैठक, तेच कार्ड. लोक या गोष्टीला नावे ठेवायचे, की कुठेही जा, चव एकच. आमच्यासारख्यांना तोच आधार होता. एका ठिकाणी मागवायला शिकलो की पाचही ठिकाणी ताठ बसता येत होते. दीपमालाच्या सासरचे बोलणी करायला आले तेव्हा हे त्यांना सप्तपर्णीतच घेऊन गेले. एरवी चारचौघांत न बोलणारा माणूस त्या दिवशी वेटरला नावाने हाक मारत होता.

ह्यांना फुप्फुसाचा आजार झाला आणि शेवटी इथल्याच दवाखान्यात ठेवले. दीपमाला म्हणत होती मुंबईला हलवा. ललितने नाही म्हटले. चार दिवसांत हे गेले. तेराव्याला, सगळे पाहुणे बसलेले असताना, दीपमाला भावाला म्हणाली, "बाबांच्या जिवावर तू पैसे वाचवलेस." ललित उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो हिच्या दारात गेला नाही, ही त्याच्या दारात गेली नाही. माझ्याकडेही एक आला तर दुसऱ्याने यायचे नाही. दीपमाला त्याचे नावसुद्धा घेईना, माझ्याजवळ बोलताना 'तुझा मुलगा' म्हणायची.

मग मी ह्यांच्या वाढदिवशी दोघांना सप्तपर्णीत बोलावू लागले. ते कोणाचे घर नव्हते. तिथे कोणी कोणाकडे गेला असे होत नव्हते, आले काय नि गेले काय, कोणाची मान खाली जात नव्हती. सिडकोच्या शाखेत अन्सारभाई कॅप्टन होते, म्हणजे वेटरांचे प्रमुख. त्यांच्या मार्फत दोघे बोलायचे. ललित म्हणायचा, अन्सारभाई, ताईंना विचारा पापड चालेल का. समोर दोन हातांवर बसलेली बहीण म्हणायची, अन्सारभाई, सांगा त्यांना, भाजलेला चालेल. अन्सारभाई दोघांच्या मधे उभे राहून निरोप द्यायचे, चेहऱ्यावर काही न दाखवता. ते आत गेले की टेबलावर कोणी बोलायचे नाही. मी सूप पीत बसायचे.

खरे सांगायचे तर जेवण पहिल्यासारखे राहिले नव्हते. सूप आंबट, पनीर रबरासारखे. निम्म्या टेबलांवर कोणी नसायचे, म्हणून एसी बंद ठेवायचे. ललित म्हणायचा की आता लोक फोनवर मागवतात, नाहीतर झोपाळ्यावर बसून फोटो काढता येईल अशा ठिकाणी मिसळ खायला जातात, इथे कोण येणार. त्याचे बरोबर होते. एकेक शाखा गेली. कॉलेज रोडला मोबाईलचे दुकान झाले, पंचवटीत लॉजिंग. हॉटेलाच्या मालकांना वाटत नसेल एवढी काळजी मला वाटायची, आणि सांगायची कोणाला?

दिवाळीनंतर अन्सारभाईंचा फोन आला की येत्या रविवारी सिडकोही बंद होते आहे. मी दोघांना बोलावले.

गेलो तर फुटपाथपर्यंत गर्दी. कित्येक वर्षांत न फिरकलेली माणसे मुलाबाळांना घेऊन आली होती, पाटीखाली उभे राहून फोटो काढत होती. एक गृहस्थ अन्सारभाईंवर तापले होते, म्हणत होते की आमचा साखरपुडा इथे झाला, तुम्ही बंद कसे करता? अन्सारभाई एवढेच म्हणाले, "साहेब, यायला हवं होतं." ते गृहस्थ खाली बघू लागले. मीही बघितले. वर्षातून एकदा येणारी मी तरी कुठे वेगळी होते?

आम्हाला बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या, मधे मी. पुष्कळ वेळ झाला. मग अन्सारभाई बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, आत काही उरलं नाही. भातसुद्धा नाही." लोक हळूहळू पांगले. मी उठायला गेले आणि छाती आवळून आली, घाम फुटला. दोघांनी दोन्हीकडून मला धरले. ललित म्हणाला दवाखान्यात चल. मी म्हटले घर जवळ आहे, आधी घरी टेकते, काही खाते. हट्ट चुकीचा होता असे डॉक्टर नंतर म्हणाले. पण मला त्या वेळी एकच भीती होती की हे दोघे आता इथून दोन दिशांना जातील आणि पुन्हा बसायला जागा नाही.

दीपमाला दारात थांबली. ललित आत होता. मग ती चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कुकरला मुगाची खिचडी लावली. मी पलंगावर पडले होते. कुकर होईपर्यंत कोणी बोलले नाही, निरोप न्यायला कोणी नव्हते. मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि भावाला म्हणाली, "शेवटी बाबांना बोलता येत होतं?"

ललित म्हणाला, "येत होतं. मुंबईला नको, असं तेच म्हणाले. नव्या ठिकाणी मला काही कळायचं नाही, म्हणाले, इथं मरू दे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांसमोर जे बोललीस त्यावर हे सांगितलं असतं, तर तुला बनवलेलं वाटलं असतं."

तिने विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. ती आत गेली, तिघांची ताटे वाढली. ललितने मीठ मागितले, तिने दिले. जेवून दोघे मला दवाखान्यात घेऊन गेले. मला मात्र ऐकताक्षणी खरे वाटले. नव्या ठिकाणी काही कळायचे नाही, हे वाक्य ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही.

म्हणून ती अट रद्द. बळजबरीने जेवायला बसवायचे तेवढे बसवून झाले.

३. सिडकोतील माझे रो हाऊस ह्यांनी हौसेने माझ्या नावावर घेतले होते. ते दीपमाला व ललित यांना समान हिश्श्याने देते, विनाअट. विकायचे असेल तर आधी एकमेकांना विचारावे. बँकेतील ठेवींतून दवाखान्याचा खर्च भागवून उरेल ते दोघांत सारखे. पाटल्या दीपमालाला. मोहनमाळ ललितला, त्याने ती सूनबाईला द्यावी. ह्यांची हत्यारे, पाने, कानशी आणि मायक्रोमीटर ललितने घ्यावीत. तेल लावून ठेवलेली आहेत, भंगारात घालू नयेत.

४. माझे शिवणयंत्र घरात दिसणार नाही. ते मी अन्सारभाईंच्या मुलीला, अलिशाला, याआधीच हातोहात दिले आहे, ती शिवण शिकली आहे. कोणी चौकशी करू नये. अन्सारभाई या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, म्हणून त्यांच्या नावे यात काही ठेवलेले नाही. हल्ली ते अंबडच्या एका कॅन्टीनला जातात.

५. माझ्या नणंद मंगलाबाई, राहणार घोटी, यांना माझी हिरवी पैठणी द्यावी. आम्ही पहिल्यांदा हॉटेलात गेलो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "घरात चूल हाय ना? मग पैशे देऊन परक्याच्या हातचं कशाला खायाचं?" पुढे आम्ही त्यांना घोटीच्या सप्तपर्णीत नेले, तर त्यांनी बडीशेप रुमालात बांधून घेतली. हे मी इतकी वर्षे मनात ठेवले होते. आता लिहिले, संपले.

६. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे छाया वकिलांचे म्हणणे आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात आणि हे त्याआधीचे आहे. त्यांनी ते वेगळ्या कागदावर लिहून घेतले, डॉक्टरांनाही दिले. तरी मी इथे पुन्हा लिहिते.

सोमवारी काही बिघडले तर मला मुंबईला हलवू नये. नाशिकमध्ये होईल तेवढे करावे. हा निर्णय माझा आहे, ललितचा नाही, दीपमालाचाही नाही. माझ्या तेराव्याला कोणी कोणाला काही बोलायचे असेल तर मला बोलावे. ह्यांनी एकट्या ललितलाच सांगितले, तेही शेवटच्या घटकेला. त्यांचा स्वभावच तसा. मी दोघांना लिहून देते.

ही एक ओळ लिहायची म्हणून बाकीचे सगळे लिहायला बसले, असे म्हटले तरी चालेल. यंत्रावर ठेवतील, छाती उघडतील, याची भीती आहेच. त्याहून मोठी भीती ही की बाहेर बाकावर हे दोघे बसतील, डॉक्टर येऊन विचारतील काय करायचे, आणि पुन्हा एकाला एकट्याने उत्तर द्यावे लागेल.

७. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी दीपमाला व ललित दोघांना नेमू इच्छिते. दोघांची सही झाल्याशिवाय कोणताही कागद पुढे सरकू नये. छाया वकिलांनी सावध केले की बोलत नसलेल्या माणसांना असे एकत्र नेमले तर घर वर्षानुवर्षे अडकून पडते. त्या म्हणाल्या आधी विचारून घ्या.

ललितला विचारले, तो म्हणाला तू म्हणशील तसे. आज सकाळी दीपमालाला फोन केला. सगळे सांगितले. पलीकडून नुसता बाजाराचा गलका ऐकू येत होता. मला वाटले नाही म्हणणार.

मग ती म्हणाली, "थांब. ललितला विचारून सांगते."

हे लिहीपर्यंत तिचा फोन आलेला नाही. तिचा नकार आला तर छाया धात्रक यांनी व्यवस्थापक व्हावे, त्यांची संमती घेतली आहे. पण वर दोघांची नावे लिहिली आहेत ती मी खोडत नाही.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाली नाव घातलेल्या दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: सविता चिमाजी तिडके

साक्षीदार १: अन्सार गुलाब शेख, राहणार जुने नाशिक
साक्षीदार २: समाधान खंडेराव गायधनी, शेजारी, राहणार सिडको

ठिकाण: नाशिक
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार