खालची खोली रिकामीच राहणार

इम्रानचे अब्बा,

सलाम. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लग्नानंतर वर्षभरातच तुम्ही मला बहरीनला आणलंत आणि मग आपण कधी लांब राहिलोच नाही. आज लिहायला बसले, कारण दुपारी इम्रानने बोलता बोलता माझा फोन कापला. आपल्या इम्रानने! मी त्याला सांगितलं, की मी इंग्लंडला कायमची राहायला येणार नाही. माझा इथला व्हिसा आज झाला.

धक्का बसला ना? बसू दे. तुम्हीही मला कमी धक्के दिले नाहीत.

ते घर तुम्ही पसंत केलंत. मोबाइलवर! इम्रान बर्मिंगहॅमबाहेरच्या त्या घरात फोन घेऊन फिरत होता आणि तुम्ही इथे, अरादच्या आपल्या फ्लॅटमध्ये पलंगावर बसून हुकूम सोडत होतात. "नळ सोडून दाखव. छताचा कोपरा दाखव, ओल आहे का बघू." आयुष्यभर कंपनीचं स्टोअर सांभाळलेला माणूस, तपासल्याशिवाय माल आत घेईल का? मग मागच्या बाजूची खालची खोली दिसली. बाहेर एक सफरचंदाचं झाड. तुम्ही लगेच म्हणालात, "ही आमची. तुझ्या अम्मीचे गुडघे आता जिने चढायचे नाहीत."

माझे गुडघे पुढे केलेत! मी चहा घेऊन तुमच्या मागेच उभी होते. एकदा तरी मान वळवून विचारायचं होतं, शकिला, तुला तिथे राहायचं आहे का? पण तुमचा चेहरा इतका उजळला होता, की मीही हसले. उभा जन्म भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाच्या मुलाचं स्वतःचं घर होत होतं. तेव्हा कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?

तिकडे घर घेणं म्हणजे महिनोन्‌महिने चालतं. पाहणी करणारा येतो, वकील येतात, बँक पुन्हा पुन्हा कागद मागते. रोज संध्याकाळी तुम्ही इम्रानला विचारायचात, "आज कुठवर आलं?" शेवटी चावी मिळायचा दिवस ठरला. आणि त्याच पहाटे तुम्ही फजरच्या नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला बसलात ते उठलाच नाहीत. मी हाक मारली. नळ चालू होता.

इम्रान आला, तुम्हाला खांदा दिला, मनामाच्या कबरस्तानात मूठमाती दिली आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. मी इद्दतीत बसले. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, फक्त फोन घ्यायचे. गावाकडच्या बाया आधी रडायच्या आणि त्याच दमात म्हणायच्या, "पण इंग्लंडात घर झालं हो, मुबारक!" एकाच फोनवर दोन्ही! मी कशाला काय म्हणू?

तुमच्या कंपनीच्या मॅनेजरांनी माणुसकी दाखवली. माझा व्हिसा तुमच्या नावावर होता, तो लगेच रद्द होऊ दिला नाही, मुदत मिळवून दिली. इद्दत संपल्यावर इम्रानने मला पाहुणी म्हणून बोलावून घेतलं. म्हणाला, "एकदा ये तर. पुढचं वकील बघतील."

घर चांगलं आहे. तुमची नजर चुकली नाही, ओल कुठेच नाही. तुमच्या खोलीला सनाने पिवळा रंग लावून घेतलाय. सून गुणाची आहे, तुम्ही म्हणायचात तशीच. पण अहो, ती गल्ली! इतकी शांत, की लोक गाडीचं दारही हळूच लावतात. जणू सगळीकडे कुणीतरी आजारी झोपलंय. माणसं वाईट नाहीत. दिसली की हसतात, हवेबद्दल एक वाक्य बोलतात आणि आत जातात. इथे खुबुज आणायला कोपऱ्यावर गेले, की तुम्ही ओरडायचात, "रोटी आणायला गेलीस की गहू पेरायला?" तिथे मला थांबवणारं कुणीच नाही. इम्रान आणि सना उजाडायच्या आत कामाला जायची आणि अंधारात परत यायची. मी तुमच्या पिवळ्या खोलीत बसून दिवस ढकलायचे.

एके दिवशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले आणि दार आपोआप लागलं. आतूनच कुलूप! फोन आत, कोट आत, पायात घरातल्या सपाता. थंडी अशी, की बोटं वळेनात. शेजारची बेल वाजवली, कुणी नाही. पुढची वाजवली, कुणी नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि काय केलं असेल? तुम्हाला हाक मारली. मोठ्याने! लाज वाटते सांगताना.

समोरचं एक दार उघडलं. डोरीन नावाची म्हातारी. काही न विचारता तिने मला आत ओढलं, खांद्यावर शाल घातली, चहा दिला. माझं इंग्रजी ते किती! पण दोन बायका स्वयंपाकघरात बसल्या, की भाषेचं तेवढं अडत नाही. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात. त्यानेही तिच्यासाठी खोली बांधलीय.

"यू नो गो?" मी विचारलं.

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. झाडांमागे चर्चचं टोक दिसत होतं. तिचा नवरा टेड तिथे पुरलेला. ती सावकाश म्हणाली, मला कळावं म्हणून, "मी गेले तर त्याच्याशी बोलणार कोण?"

एवढं इंग्रजी मला कळलं. तुम्ही गेल्यापासून जे मला मराठीतही कुणाला सांगता येत नव्हतं, ते त्या बाईने सांगून टाकलं.

त्याच रात्री जेवताना मी इम्रानला म्हटलं, "मला बहरीनलाच राहू दे."

त्याचा घास हातातच राहिला. "कशासाठी, अम्मी? कोण आहे तिथे?"

"तुझे अब्बा."

"तू कबरस्तानात जातेस तरी का? बायका भिंतीबाहेरच थांबतात. भिंतीसाठी राहणार तू? भिंतीसाठी?"

सना म्हणाली, "इम्रान, प्लीज." तो ताट सोडून उठला.

खरंच आहे त्याचं. भिंतच आहे. दर जुम्म्याला मी टॅक्सीने जाते, भिंतीला लागून उभी राहते, फातिहा पढते, आठवड्याचं सगळं सांगते आणि परत येते. तुम्ही भिंतीपासून किती आत आहात, तेही मला ठाऊक नाही.

परत आल्यावर गावाहून भावोजींचा फोन आला. मंडणगडला या, घर आहे, माणसं आहेत. पण तिथे तरी तुम्ही कुठे आहात? मुदत संपत आली होती. मी सामान बांधायला काढलं. खालच्या मजल्यावरची उम्म युसूफ वर आली, माझं रडणं ऐकून. तिचं बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे ना? तिची जलाबिया, तो पायघोळ झगा, मीच किती वेळा उसवून शिवून दिलीय. म्हणाली, "खलास! रोना मफी, रोना नहीं. तू मेरे दुकान में काम करेगी. व्हिसा मैं देगी."

या वयात नोकरी! इथल्या जुन्या ओळखपत्रावर मी तुमची बायको होते. नव्यावर मी टेलर आहे. तुम्ही हसला असतात, मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते सगळ्यांना दाखवलं असतंत.

तेच आज इम्रानला सांगायला फोन केला. तो म्हणाला, "अब्बांनी ती खोली तुझ्यासाठी घेतली होती. तू त्यांचं शेवटचं म्हणणंही मोडलंस." आणि फोन बंद.

मोडलं का मी? तुम्हीच सांगा. जिवंत मुलाला दूर ठेवून मी भिंतीशी बोलते, हे बरोबर आहे का? त्या दिवशी मान वळवून एकदा विचारलं असतंत, तर मी मनातलं सांगितलं असतं आणि त्यावर तुमचं काय म्हणणं, ते आज मला निदान ठाऊक असतं. आता कुणाला विचारू?

संध्याकाळी सनाचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, तुमच्या मातीपासून आजपर्यंत इम्रान एकदाही रडलेला नाही. इथून गेला तो चावी घ्यायला, मग रंगारी, मग गालिचा, मग कामावर. मी इतके दिवस माझ्याच दुःखात होते, मला हे दिसलं कसं नाही?

म्हणून तुम्हाला वचन देते. सुट्टी मिळाली, की मी त्याच्याकडे जाईन. तो बोलला नाही तरी जाईन. त्याचं डोकं मांडीवर घेईन, लहानपणी ताप आला की घ्यायचे तसं, आणि त्याचं रडून पुरतं होईपर्यंत उठणार नाही. मग परत येईन. इंशाल्ला.

तुमचीच,
शकिला