पाच स्क्रूंची कॅसेट

प्रिय लेनी,

हे पत्र बसून वाच. जेवणाच्या रांगेत उभ्याउभ्या नको. तुझ्या आधी ते उघडून वाचणारे जे कोणी साहेब असतील त्यांनाही माझा नमस्कार, कारण त्यांच्यापासून लपवावं असं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही. यातलं निम्मं तुला ठाऊक आहे. तरी सगळं पहिल्यापासून लिहितेय, का ते शेवटी सांगते. "आनेट, मुद्द्यावर ये," असं तू म्हणशीलच. येते रे बाबा, येते. धीर धर.

आई बरी आहे, असं प्रत्येक पत्रात लिहायची मला सवय लागलीय. नाहीये बरी. पाय इतके सुजलेत की बुटात जात नाहीत. बाबांच्या जुन्या सपाता ओढत घरभर फिरते. दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "हृदय थकलंय. हा उन्हाळा बघतील. पुढच्या हिवाळ्याचा शब्द मी देणार नाही." आणि तुझ्या सुटकेची, पॅरोलची सुनावणी पुढच्या वर्षी जुलैत. म्हणजे तू घरी येशील तेव्हा दार उघडायला मी एकटी. गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, लेनी. शाळेच्या कँटीनमध्ये पोरांच्या ताटात बटाटे वाढते आणि तेच चालू असतं डोक्यात.

तू आत गेलास तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या पेट्रोल पंपावर जे झालं, ज्या माणसाचा जीव गेला, त्याच्या बायकोचं नाव आई अजूनही रोज प्रार्थनेत घेते. मला तेवढं मोठं मन नाही. मला फक्त तू दिसत होतास. पहिल्याच भेटीत तू म्हणालास, इथे कॅसेट चालते, पण आरपार दिसणारी हवी आणि तिला एकही स्क्रू नको. स्क्रूचं हत्यार होतं म्हणे. नव्या दुकानांतून कॅसेट केव्हाच गेल्या होत्या. मग मी जुन्या वस्तूंची, दानाची दुकानं धरली. दर शनिवारी बफेलोपासून लॅकवानापर्यंत. चर्चच्या दुकानातली डोलोरेस मला बघितलं की ओरडायची, "आली बघा बिनस्क्रूवाली! तुझं खोकं तिकडे ठेवलंय गं." तिथे ते चष्मेवाले संग्रह करणारेही यायचे, गुडघ्यांवर बसून कुठल्याशा बँडचं नाव शोधायचे. मी नाव वाचतच नव्हते. कॅसेट उचलायची, उजेडात धरायची, चारही कोपरे आणि मधला भाग बघायचा, स्क्रू नसला की पिशवीत. म्हणून तर तुला उकुलेले म्हणजे त्या चिमुकल्या गिटारचं वादन, नाताळची गाणी आणि बायकांच्या वजन कमी करायच्या व्यायामाचं संगीत गेलं. तू लिहिलंस, व्यायामाच्या कॅसेटला आमच्या बराकीत सर्वांत जास्त मागणी आहे. मी वाचून इतकी हसले की आई विचारायला आली.

एका माणसाला पंचवीसच कॅसेट ठेवायची परवानगी. नवी आली की तू एक जुनी कुणाला तरी देऊन टाकायचास. ती पुढे जायची, त्याच्या पुढे जायची, आणि वर्षभराने कुणीतरी तीच तुला "छान आहे, ऐक" म्हणून आणून द्यायचा. शेजारच्या कोठडीतल्या पेटवे आजोबांना तू आपल्या लग्नांतल्या नाचाची पोल्का ऐकवलीस, तर म्हणाले, "हे लोक लग्नात नाचतात की पळून जातात?" असं काही वाचलं की मला वाटायचं, माझा भाऊ तिथे नुसता बंद नाही, चार माणसांत आहे. त्या शनिवारांवर मी जगले रे. माझा संसार टिकला नाही, त्यातलं एक कारण तेही असेल.

आणि मग तू ते मागितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून काही मागितलंस, तेही दुसऱ्यासाठी. पेटवे आजोबांचा धाकटा भाऊ अलाबामात एका चर्चच्या चौघांच्या गटात खर्जात गायचा. त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एकच कॅसेट काढली होती, स्वतःच्या खर्चाने. भाऊ गेला, गट गेला. आजोबांना कॅन्सर. मी म्हटलं, गवताच्या गंजीत कुठे शोधू? पण शोधली. तीन वर्षं शोधली. डोलोरेसने बाहेरगावच्या दुकानांना फोन केले. शेवटी गेल्या वसंतात रॉचेस्टरला, एका घर रिकामं केलेल्या सामानाच्या खोक्यात, चिनीमातीच्या बशांखाली ती सापडली. मी दुकानातच खाली बसले. आणि उलटी करून बघितली. काळी कुळकुळीत. पाच स्क्रू.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं की मिळाली पण पाठवता येत नाही. एवढं एक वाक्य. त्या चष्मेवाल्यांपैकी एकाने मला कधीतरी सांगितलं होतं की कॅसेटचं रीळ एका डबीतून काढून दुसरीत घालता येतं, ते लोक सर्रास करतात. त्या रविवारी डोकं दुखतंय असं सांगून मी आईला एकटीला चर्चला पाठवलं. आरपार दिसणारी एक कॅसेट घेतली, सांध्यात पातळ सुरी घातली. तीन फोडल्या. चौथी धड उघडली. आजोबांच्या भावाचं रीळ तिच्यात बसवलं, टूथपिकने काठाला गोंद लावला, वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. आई परत येईपर्यंत टेबल पुसून स्वच्छ. इतकं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, लेनी. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं होतं.

ती तपासणीतून सुटली. तू लिहिलंस, आजोबा भिंतीकडे तोंड करून ऐकत बसले, आणि तिसऱ्या गाण्याला म्हणाले, "हा एल्टन. ऐक, ऐक, हा माझा एल्टन." तीन आठवड्यांनी ते गेले आणि कॅसेट तुझ्याकडे राहिली. फेकून का नाही दिलीस? हे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, विचारलंच. जूनमध्ये कोठड्यांची झडती झाली. गार्डने ती खिडकीशी धरली आणि त्याला काठावर गोंदाची पिवळी रेघ दिसली. आत रिळाशिवाय काही नव्हतं. पण उघडून पुन्हा चिकटवलेली वस्तू म्हणजे तिच्यातून आधी काय काय आलं असेल, असं ते म्हणाले. त्यांच्या जागी मीही म्हटलं असतं. आणि तू सांगितलंस, मीच उघडली.

साठ दिवस एकांत कोठडी. त्या साठ दिवसांतच सुनावणी आली. बावीस वर्षांत तुझ्या नावावर एक वाकडा शब्द नव्हता आणि नेमका तेव्हाच हा गुन्हा. सात मिनिटांत त्यांनी तुला दोन वर्षं पुढे ढकललं. नंतर भेटायला आले तर तू टेबलावर वाकून मला म्हणालास, "तोंड उघडायचं नाही. तुझं नाव आलं तर भेटी बंद. मग आईला इथे आणणार कोण?" मी मान हलवली. भ्याडासारखी मान हलवली, कारण मलाही तेच सोयीचं होतं. दुसऱ्याच्या भावाचा आवाज शोधता शोधता मी माझा भाऊ घालवला, आणि वर गप्प बसले.

तुला हे कधी सांगितलं नाही, पण आईने सगळा राग तुझ्यावर काढला. "सुनावणीला एक महिना होता! एक महिना हात आवरले नाहीत त्याला! लहानपणी रेडिओ उघडला, घड्याळ उघडलं, उघडायची खाजच आहे कार्ट्याला!" शेजारणीला सांगायची, पाद्रींना सांगायची, फोनवर मावशीला सांगायची. आणि मी शेजारी उभी राहून सूप ढवळायचे. सात महिने मी सूप ढवळत राहिले. तुझा अपमान माझ्यादेखत होत होता आणि मी मीठ बरोबर आहे का ते बघत होते. माझ्याइतकं हलकं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंकडून परत निघालो त्या दिवशी गाडीत आईने विचारलं, "काय म्हणाली ती?" मी म्हटलं, मीठ कमी करा म्हणाली. "पायांना सूज आलीय माझ्या, कानांना नाही," आई म्हणाली. "मी ऐकलंय सगळं. तो येईपर्यंत मी नसणार. त्याच्या त्या दीडशहाणपणापायी." मग मला राहवलं नाही. दवाखान्याच्या पार्किंगमध्येच, गाडी चालू ठेवून, मी तिला सगळं सांगितलं. मग तिने माझ्या कानाखाली वाजवली. चौपन्नाव्या वर्षी! हातमोजा घातलेला होता, लागलं नाही. नंतर कितीतरी वेळ ती नुसती तुझं नाव घेत रडत होती, आणि मला हात लावू देत नव्हती. शेवटी नाक पुसून म्हणाली, "वकिलाकडे चल." मी म्हटलं, आत्ता? "मग काय पुढच्या हिवाळ्यात?"

वकील भला माणूस आहे, त्याने आम्हाला फसवलं नाही. मी शपथेवर लिहून दिलं तर तो तुझा गुन्हा रद्द करा आणि सुनावणी पुन्हा घ्या असा अर्ज करेल. उत्तराला तीन-चार महिने. आशा थोडी. आणि अर्ज पोचला त्या दिवसापासून चौकशी संपेपर्यंत आमच्या घराशी तुझा संबंध बंद. भेटी, फोन, पत्रं, सगळं. आईचंही, कारण पत्ता एकच. "आशा थोडी म्हणजे किती?" आईने विचारलं. त्याने नुसते कागद सरळ केले. आई म्हणाली, "चालेल. टेबलापलीकडचा लेनी मी बावीस वर्षं बघितला. मला तो माझ्या स्वयंपाकघरात हवाय." मी पुष्कळ समजावलं. उन्हाळ्यापर्यंत दर महिन्याला नक्की भेटशील, हे सोडून नुसत्या आशेवर कशाला जातेस, असंही म्हटलं. ऐकते का ती? मला तर दोन्हीकडे अंधारच दिसतो.

तिने फक्त एक मागितलं. सही करण्याआधी एक भेट. गेल्या शनिवारी आम्ही आलो तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं, लेनी. गार्डने दोनदा सांगितलं तरी ती तुझा हात सोडत नव्हती, आणि तू हसून म्हणालास, "आई, पुढच्या महिन्यात येशीलच की." ती म्हणाली, "येईन की. न यायला काय झालं?" मंगळवारी मी सही केली. सोमवारी अर्ज पोचेल, म्हणून हे पत्र आज टाकतेय. यानंतर आमचं काही येणार नाही. आईचं काही झालं तर मला कळवता येणार नाही, ती बातमी द्यायला तुला तुरुंगातले पाद्री बोलावतील. त्यांनी बोलावलं तर एकटा जाऊ नकोस, कुणालातरी बरोबर ने. आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते हे: ते तुला पुन्हा विचारतील, कॅसेट कुणी उघडली. तू पुन्हा "मीच" म्हणालास तर माझ्या शपथेला काही अर्थ उरणार नाही, आणि आईने तुला शेवटचं बघून घेतलं तेही वाया जाईल. तेव्हा या वेळी मला वाचवू नकोस. माझं नाव सांग. पूर्ण नाव सांग.

तुझीच,
आनेट