पिवळं निशाण

प्रिय लंबू,

फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचून नुसता ठेवून देतेस, म्हणून हा कागद. दोनदा सुरुवात करून फाडला. मध्येच उठून कपाट आवरलं, जे परवाच आवरलं होतं. गॅस बंद आहे ना ते बघून आले, बंदच होता. शेवटी आमचे हे वैतागून म्हणाले, "एका जागी बस गं जरा. फोनवर तुम्ही दोघी एकमेकींना बोलूच देत नाही. लिहून काढ एकदाचं." म्हणून बसले आहे. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचीस, ते अजून तसेच आहेत. आणि फाडायचंच असेल, तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

माझी नेमणूक त्या वळणावर कशी झाली, हे तुला कुणी सांगितलं नसणार. गुडघ्याने दगा दिल्यावर मी पंचांची परीक्षा दिली, तेव्हा तू हसली होतीस. आता जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघत बसणार का, म्हणाली होतीस. बसले खरी. आठवडाभर चष्म्याचं दुकान आणि सुट्टीला कुठल्यातरी मैदानावर टोपी घालून खुर्ची. शाळांच्या स्पर्धा, बँकांच्या, पोलिसांच्या. एकदा तर साठीच्या पुढच्या आजोबांची शर्यत होती, त्यात दोघेजण लेन सोडून एकमेकांशी बोलत चालले होते. अशात एवढी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा माझ्याच शहरात भरली आणि पंचांच्या यादीत माझं नाव आलं. मी दुकानात पेढे वाटायचीच बाकी होते. मग कामाचा तक्ता हातात पडला. महिलांची चारशे मीटर, फायनल, शेवटचं वळण.

तशीच उठून मुख्य पंचांकडे गेले. म्हटलं, यात धावणाऱ्यांतली एक मुलगी मला भाचीसारखी आहे, मला दुसरीकडे बसवा. ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, "तिच्यामुळे तुम्हाला कमी दिसणार आहे का?" मी नाही म्हटलं. "मग बसा तिथेच." झालं. यापुढे मी काय बोलणार होते, तूच सांग.

भाचीसारखी हे सुद्धा मी भीतभीतच म्हटलं. तुझ्या लेकीचं भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. तू पोरींना शिकवायचीस त्या मैदानावर मी सुट्टीला यायचे, तेव्हा ती लांब उडीच्या वाळूत बसायची, आणि तू पाठ फिरवलीस की उठून गोल गोल पळत सुटायची. तिला पकडायला मीच धावायचे, कारण तू त्या मोठ्या पोरींच्या मागे असायचीस. आठेक वर्षांची झाली आणि तूच तिला पहिल्यांदा चारशेला उभी केलीस. मी म्हटलं होतं, अगं अजून तिचे दुधाचे दात पडतायत. तू म्हणालीस, दातांनी कोण धावतं? मला हसू आलं होतं. ती मात्र शर्यत संपल्यावर तुझ्याकडे न येता माझ्या मांडीवर येऊन उलटी करून गेली. तुझी लेक शोभते, म्हटलं मी. तूही प्रत्येक शर्यतीनंतर कोपरा शोधायचीस.

फायनलचं सांगते. तू प्रेक्षकांत होतीस, ते मला दिसलं नाही. मी ठरवून बघितलंच नाही. माझी खुर्ची वळण संपतं तिथे होती, पोरी समोरून अंगावर येताना दिसतात अशी. भिंगरी सहाव्या लेनमध्ये होती. बार झाला आणि ती जी निघाली, लंबू, मला तू दिसलीस. तीच मान, तोच उजवा खांदा किंचित खाली. समोरच्या सरळ वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे होती. चारशे मीटर म्हणजे काय, हे तुला-मला कुणी शिकवायला नको. अर्ध्यापर्यंत पाय आपले असतात, मग परके होतात. शेवटच्या वळणावर पाचव्या लेनमधली ती उंच बाई तिला गाठत आली, भिंगरीने मान ताठ केली, तोल आत गेला आणि तिचा डावा पाय रेषेवर पडला. चाटून नाही. पुढचा अर्धा तळवा, पांढऱ्यावर.

आणि मला आदल्या दिवशीचं ठाऊक होतं. सेमीफायनलला पहिल्या वळणावर तिचा पाय रेषेला लागल्याची तिथल्या पंचाने नोंद केली होती, निकालात तिच्या नावापुढे ती खूण मी वाचली होती. एकदा लागलं तर माफ असतं, पण ते एकदा सगळ्या फेऱ्यांत मिळून. म्हणजे चूक दाखवायचं माझं निशाण वर गेलं तर पुढे काय होणार, हे त्या क्षणी मैदानात मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. ती तिसरी आली. सगळं स्टेडियम उभं राहिलं, कुणी उड्या मारतंय, कुणी रडतंय, आणि मी त्या गलक्यात एकटी पिवळं निशाण धरून उभी. हात इतका जड कधी झाला नव्हता. खाली घ्यावा असं वाटलं का, म्हणून विचारशील. वाटलं. घेतला नाही.

व्हिडिओत काही स्पष्ट दिसेना. कॅमेरा आतल्या बाजूला होता आणि ती पाचव्या लेनमधली बाई नेमकी आड आली होती. तोवर तुझ्या लेकीच्या खांद्यावर कुणीतरी झेंडा टाकला होता, ती गुडघ्यांवर बसून फोटोवाल्यांकडे बघत होती. रेफरी माझ्याकडे आले. "खात्री आहे?" मी म्हटलं, "हो." एवढंच. त्या एका शब्दावर फलकावरचं तिचं नाव तिसऱ्या ओळीतून निघालं आणि सगळ्यात खाली गेलं. तुम्ही दाद मागितलीत, ती फेटाळली गेली, हे तुला माहीतच आहे.

मग बाहेरच्या बोळात तू मला गाठलंस. अंगावर पंचाचा कोट असताना मला बोलता येत नाही, म्हणून मी ऐकून घेतलं. तू बरंच बोललीस. जळतेस म्हणालीस, स्वतः कधी निवडली गेली नाहीस म्हणून. ते मी सोडून दिलं, रागात माणूस हाताला लागेल तो दगड उचलतं. पण "चष्मे विकता विकता स्वतःचे डोळे घालवलेस का गं?" हे तू सगळ्यांसमोर म्हणालीस ना, ते आत जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी शटर अर्धं ओढून मशीनवर स्वतःचे डोळे तपासले. नंबर तोच निघाला. तरी खुर्चीतून उठवेना.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगरी दुकानात आली. सकाळची वेळ, एक गृहस्थ आरशासमोर चौथी फ्रेम लावून बघत होते. ती पाठीला पिशवी अडकवून गिऱ्हाइकांच्या स्टुलावर येऊन बसली. अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हीही भांडणार. त्या गृहस्थांना मी एकदाचं बाहेर काढलं. ती म्हणाली, "मावशी, लागला होता ना पाय?" मी हो म्हटलं. "मला कळलं होतं. रंग दिलेला असतो ना तिथे, पायाला वेगळं लागतं." इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिच्याकडे बघवेना. मग तिने विचारलं, एकदा पाय लागला तर माफ असतं, मग मला का काढलं?

लंबू, मी हातातली फ्रेम खाली ठेवली. मी म्हटलं, अगं, आदल्या दिवशी सेमीफायनलला लागला होता की. तेव्हाच संघाला कळवतात, निकालातही लिहितात. ती म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही." मी तिला विचारलं, तुझा फोन कुठे होता? तर तो तुझ्याकडे होता, लंबू. डोकं शांत राहावं म्हणून स्पर्धा संपेपर्यंत तूच तो ठेवून घेतला होतास. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तुला ठाऊक होतं, हे मला तोंडाने म्हणावं लागलं नाही.

तू का सांगितलं नाहीस, हे मला कळतं, आणि मला सोडून जगात दुसऱ्या कुणाला कळेल असं वाटत नाही. आपल्या निवडीच्या शर्यतीत तुझी पहिली सुरुवात चुकली. आपले सर धावत आले आणि पुन्हा पुन्हा तुझ्या कानाशी बजावत राहिले, आणखी एकदा चुकलीस तर बाहेर, आणखी एकदा चुकलीस तर बाहेर. दुसऱ्या बाराला तू दगडासारखी बसून राहिलीस. सगळ्या निघाल्यावर निघालीस आणि तरी चौथी आलीस. तिसरी जी आली ती परदेशी गेली. तू कित्येक वर्षं म्हणत होतीस, त्यांनी मला सांगितलं नसतं तर मी गेले असते. एका खोलीत राहायचो आपण, तू झोपेतही तेच म्हणायचीस. तर लेकीच्या वेळी तू तोंड बंद ठेवलंस. तिने मोकळं धावावं म्हणून. भिंगरीला हे सगळं मी सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आई दगड झाली, म्हणून मीही झाले असते, हे तिनेच ठरवलं ना?" याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर तू दे.

आता का लिहिलं ते सांगते. तिने तुला निरोप पाठवला होता ना, मी ठीक आहे, एका मैत्रिणीकडे आहे, शोधू नकोस. ती मैत्रीण म्हणजे मी. त्या दिवसापासून भिंगरी आमच्याकडे आहे. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती, ती तिनेच काल सोडली आणि म्हणाली, आईला लिही. कळवायचं एवढंच आहे, आणि हे तिचेच शब्द: "मी धावणं सोडलेलं नाही. आईच्या हाताखाली धावणं सोडलंय." रिले संघाच्या प्रशिक्षक बाईंकडे तिने जायला सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी परत आली ती पाय ओढत, आणि दोन ताटं जेवली. माझ्यावर राग धरायचा तो धर, मी तिला फूस लावली नाही, पण थांबवलंही नाही. यापुढचं मात्र तिने सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी आल्या आल्या विचारते, आईचा फोन आला होता का. मी नाही म्हणते. मग ती उगीचच घरभर फिरते, खिडक्या उघडते, लावते, तुझ्यासारखीच. मलाही मग बसवत नाही, आणि आमचे हे आम्हा दोघींकडे बघून चपला घालून बाहेर जातात. तिला न्यायला येऊ नकोस, समजवायला येऊ नकोस, आणि माझी बाजू घ्यायला किंवा खोडायलाही नको. नुसती ये. शनिवारी मी दुकानात असते, हेही बाहेर असतात, घरी ती एकटी असेल. बेल जरा दाबून धरावी लागते.

तुझीच, राग निवळेपर्यंत आणि त्यानंतरही,
बुटकी