चाक किती बाहेर?

रविवार, १५ जून
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवलेली बरी.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या अंगणात सकाळी माझी जीप आली. सेकंडहँड, पण फोर बाय फोर. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून चांगली चार इंच उचललेली. गेटमधून आत घेताना आरसे मिटावे लागले. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. कौतुकाने.

उद्देश एकच. या गणपतीला आईला गावच्या घराच्या दारात उतरवायचं. घर वरच्या वाडीत, डांबरी रस्ता खालीच संपतो. गेल्या वर्षी आईचे गुडघे घाटीच्या चढावर, पहिल्याच वळणाला संपावर गेले. पाचही दिवस ती खाली मावशीकडे राहिली आणि आमच्याच घरची आरती खालून ऐकत टाळ्या वाजवत बसली. मला वरून दिसत होतं. यंदा तसं होणार नाही.

मेघनाने विचारलं, टायर असे बारीक का? बायको असली तरी निरीक्षण चांगलं आहे.

मंगळवार, १७ जून
चिंचपोकळीला शिवाच्या वर्कशॉपमध्ये. शिवा उत्साही माणूस. काहीही विचारलं तरी ‘होतंय सर’ म्हणतो. रुंद टायर हवे तर नवे रिम हवेत, आणि रिम म्हटलं की ऑफसेट आला. सोपं आहे. ऑफसेट प्लस असला की चाक गाडीच्या पोटात जातं, मायनस असला की बाहेर येतं. माझ्या गाडीला सध्या प्लस वीस मिलीमीटर. शिवाला विचारलं, किती घेऊ? म्हणाला, तुम्ही म्हणाल तेवढा.

उद्यापर्यंत ठरवतो.

गुरुवार, २६ जून
ठरलं नाही. घाई करणाऱ्यांचं काम नव्हे हे. ‘मड ब्रदर्स’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. एक म्हणतो शून्य. दुसरा म्हणतो मायनस बारा. तिसऱ्याने लिहिलं, प्लसवाले जीप घेऊन भाजी आणायला जातात.

मी कालच जीप घेऊन भाजी आणली होती.

रविवार, ६ जुलै. सकाळी लवकर
ऑफ-रोड सराव. शिवाजी पार्कला दोन फेऱ्या. स्पीडब्रेकर सरळ, तिरका आणि रिव्हर्समध्ये. गाडी खंबीर. कट्ट्यावरचे आजोबा टाळ्या वाजवत होते, की मला हटकत होते, काच बंद असल्याने कळलं नाही.

परतल्यावर आईला बसवून पाहिलं. पायरी फार उंच. हेमचंद्रकाकांनी स्टूल आणलं. हे आमच्या चाळीचे सेक्रेटरी, रिटायर झाल्यापासून अंगणातच असतात. आई स्टुलावर चढली, आत बघितलं, पुन्हा खाली उतरली आणि डाळ शिजत ठेवली आहे म्हणाली. पायदानाचं नंतर बघू. आधी ऑफसेट.

रविवार, २० जुलै
वहीत चार आकृत्या काढल्या. चाक पूर्ण वळवल्यावर बंपरला किती जागा, स्प्रिंगला किती, मडगार्डला किती. ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम तपासताना मी इतक्या बारकाईने कधीच पाहिलं नसेल. साहेबांचंही तेच मत पडलं.

मेघना म्हणते, शिवाला सांग आहेत तीच चाकं राहू दे, गाडी चालतेय ना. तिला सांगितलं, प्रश्न चालण्याचा नाही, घाटीचा आहे. ती म्हणाली, प्रश्न आईंचा आहे. तेच तर मी म्हणतोय.

शनिवार, २ ऑगस्ट
हेमचंद्रकाकांची नोटीस, तोंडी. पुढच्या रविवारी चाळीच्या गणपतीच्या मंडपाचे बांबू लागणार, त्याआधी जीप बाहेर. म्हटलं, काका, त्याआधी ती कोकणच्या दिशेने तोंड करून उभी असेल. ते म्हणाले, तोंड कुठेही असू दे, गाडी बाहेर पाहिजे.

निर्णय झाला. मायनस चव्वेचाळीस. मायनस बारा म्हणजे पाण्यात पाय घालून बसणं. उतरायचं तर पोहायला.

रविवार, १० ऑगस्ट. दुपार
ऐतिहासिक दिवस. शिवा टेम्पोत नवी चाकं घालून इथेच आला. अंगणातच जॅक लावला, अंगणातच बसवली. जुनी चाकं बदल्यात घेऊन गेला. जीप आता चौकात पाय फाकवून उभ्या असलेल्या पैलवानासारखी दिसते. चाकं दोन्ही बाजूंनी बॉडीच्या चांगली बाहेर. मी चाळीस फोटो काढले. ग्रुपवर अंगठेच अंगठे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गेटमधून जात नाही.

आरसे मिटले. तिरकी लावली. रिव्हर्समध्ये लावली. दोन्ही बाजूंना दगडी खांब आणि मध्ये माझे टायर पाच इंच जास्त. हेमचंद्रकाकांनी टेप आणली आणि माझ्या हातात दिली. मी चाकापासून स्प्रिंगपर्यंत सगळं मोजलं होतं. गेट हा गाडीचा भाग नाही, त्यामुळे ते मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

सोमवार, ११ ऑगस्ट
शिवाला फोन. जुनी चाकं द्या, गेटबाहेर नेऊन पुन्हा नवी लावू. तो म्हणाला, ती कालच विकली. दुसरी बघतो सर, होतंय सर.

एका बाजूचा खांब थोडा तासला तर? काकांनी खांबावर कोरलेलं नाव दाखवलं. त्यांच्याच आजोबांचं.

सोमवार, १८ ऑगस्ट
शिवाचा फोन लागत नाही. वर्कशॉपला गेलो. कुलूप. शेजारचा म्हणाला, गणपतीला गावी गेला, कोकणात. यंदा लवकर निघाला, एसटीने.

मंडपाचे बांबू जीपला वळसा घालून उभे राहिले आहेत. चाळीच्या पोरांनी मोठ्या मनाने मार्ग काढला. यंदाचा देखावा डोंगरी किल्ल्याचा आहे. त्यांनी जीपवर गोणपाट टाकलं, वर हिरवा-तपकिरी रंग मारला, बॉनेटवर बुरूज बसवला. मला जीप डोंगरावर न्यायची होती. डोंगरच जीपवर आला. तत्त्वतः हेही ऑफ-रोडच.

शनिवार, २३ ऑगस्ट
आईला कसं सांगायचं याचा तीन दिवस विचार केला आणि आज सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग कपाटातून नऊवारी काढून उन्हात घातली. मेघनाने तिघांचं एसटीचं बुकिंग जुलैतच करून ठेवलं होतं. माझ्यावर विश्वास नव्हता का, असं विचारलं. म्हणाली, होता, म्हणूनच केलं.

तरी मनात तेच घोळतंय. आई पुन्हा खाली बसणार. दोन महिने मी मिलीमीटर मोजले आणि आई जिथे होती तिथेच आहे. हे वाक्य कुणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी. गावी.
काल एसटीतून उतरलो, रात्र खाली मावशीकडे काढली. आज सकाळी घाटीच्या पायथ्याशी चुलतभावांनी अंगणातली लाकडी खुर्ची आणली, दोन बाजूंना दोन बांबू बांधले आणि आईला बस म्हणाले. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती पदर खोचून बसली आणि मला म्हणाली, “चौघांच्या खांद्यार एकदाच जावचा म्हणान गेल्या वर्षी नको म्हटलंय. पण तुझ्या त्या गाडयेत चढण्यापेक्षा ह्या बरा.”

तीन भाऊ आणि मी. मी पुढचं डावं चाक. पहिल्या वळणापर्यंत मी सगळ्यांना सूचना देत होतो, कोणता दगड टाळायचा, वजन कुठे टाकायचं. दुसऱ्या वळणावर दोन्ही बाजूंना दगड रचलेले गडगे लागले. त्यांच्यामधून खुर्ची जेमतेम गेली, आमची ढोपरं सोलवटली. तिथून जीप गेली नसती. मायनस, प्लस, शून्य, कशानेच. ही वाट मी लहानपणापासून चाललोय आणि एकदाही मोजली नाही.

तिसऱ्या वळणावर मला धाप लागली. खुर्ची माझ्या बाजूला कलली. आई वरून म्हणाली, ह्याका बदला. मेघनाने साडी वर खोचली, चपला माझ्या हातात दिल्या आणि बांबू खांद्यावर घेतला. खुर्ची लगेच सरळ झाली आणि माझ्यासमोरून भराभर वर गेली.

आरतीला आई अगदी पुढे बसली होती, मूर्तीपासून हातभर अंतरावर. सुरुवातीला टाळ्या तालात होत्या, मग तिला रडू आलं आणि ताल सुटला. कुणी थांबलं नाही. मीही रडलो. भावांना वाटलं, खांदा दुखतोय.

खांदाही दुखतोय. मोदक मेघनाच्या हातून खावे लागले. उद्या आईला खाली मावशीला भेटायला जायचंय. भावांनी माणसं ठरवली आहेत. चार. त्यात मी नाही.