एसीतला ड्रम आणि उरलेली एक बाटली

मी, श्रीमती कल्पना रमण टिपणीस, वय सत्तावन्न, शिशुवर्गात मदतनीस, मूळ मुलुंडची, सध्या राहणार अल हैल, सीब, ओमान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. घालणारे मुलुंडला आहेत आणि त्यांना स्वतःच्या पैशाने तिकीट काढायची सवय नाही. गेल्या महिन्यात गोनू वादळाचे पाणी माझ्या तळमजल्यावरच्या घरात मांडीभर चढले. कपाटातले कागद भिजून लगदा झाला. तेव्हा ठरवले की जे सांगायचे ते लिहावे, आणि लिहिलेले उंचावर ठेवावे. म्हणून हा कागद देवांच्या फळीवर आहे.

मी नववीपर्यंत शिकले, पुढचे वाचून वाचून शिकले. कायद्याची भाषा इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीतल्या पुस्तकातून घेतली आहे. जिथे ती पुरली नाही तिथे माझी आहे.

१. मुलुंडचा फ्लॅट माझे यजमान कै. रमण यांनी इथल्या पगारातून घेतला. त्यांच्या मागे तो माझ्या नावावर झाला. तो मी माझी एकुलती मुलगी कु. देविका हिला कायमचा देते. त्याला कसलीही अट नाही. सध्या तिथे माझे दीर श्री. प्रसाद हे "घराची काळजी घ्यायला" राहतात. घर सोळा वर्षे काळजीत आहे. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत त्यांनी ही काळजी सोडावी.

२. दोन पाटल्या, मंगळसूत्र, बँकेत जे असेल ते, आणि माझी पुस्तके देविकाची. पुस्तकांत खुणेला बसची तिकिटे आहेत, ती काढू नयेत.

३. बेडरूमचा एसी. हा मला शेजारच्या खैरुन्निसा आणि त्यांचे यजमान जैनुद्दीनभाई यांना द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे पुस्तकात वाचले, आणि मला साक्षीला त्यांच्याहून बरा माणूस माहीत नाही. म्हणून एसी आज सकाळीच काढून देऊन टाकला. जुलै आहे हे मला ठाऊक आहे. या एसीचा गारवा मला तसाही फारसा मिळालेला नाही. तो कोणाला मिळाला ते पुढे येते.

४. बिअर करायचा पांढरा ड्रम, नळी, बाटल्यांना बुचे बसवायचे यंत्र, आणि त्यांची हकिगत.

हे सगळे १९९२ साली डेरेकसाहेबांनी दिले. ते यजमानांच्या कंपनीत मुख्य इंजिनियर, यजमान स्टोअर सांभाळत. साहेब सुट्टीवरून परतताना बॅगेत कपडे कमी आणि माल्टच्या अर्काचे डबे जास्त आणत. डब्यातला काळा पाक गरम पाण्यात सोडायचा, साखर घालायची, वर यीस्टची पुडी, आणि दोन आठवड्यांनी इंग्लंडच्या खेड्यात मिळते तशी बिटर, म्हणजे कडसर बिअर, तयार. घरात हे करायची परवानगी आम्ही कोणाला विचारली नाही, कारण उत्तर माहीत होते. गुन्हा असेल तर माझ्या नावावर लिहावा. हा कागद उघडेल तेव्हा मी हजर नसेन.

डब्यासोबतचे सूचनापत्रक कोणी तरी इंग्लंडच्या गारठ्यात बसून लिहिले होते. ड्रम उबदार जागी ठेवा, जरूर पडल्यास ब्लँकेट गुंडाळा, असे त्यात होते. साहेबाच्या छापील अक्षरावर यजमानांची श्रद्धा मोठी. महिना मे. त्यांनी ड्रमला लग्नात आलेली सोलापुरी चादर गुंडाळली आणि तो गॅसच्या शेजारी ठेवून स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. तिसऱ्या दिवशी झाकण छताला जाऊन लागले. आठवडाभर आमच्या वरणाला नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास येत होता.

मी शब्दकोश घेऊन चार दुपारी ते पत्रक वाचले. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अठरा ते एकवीस डिग्री असे लिहिले होते. मी म्हटले, "अहो, त्यांची ऊब म्हणजे आपला एसी."

तेव्हापासून बारा वर्षे ड्रम बेडरूममध्ये एसीत झोपला आणि आम्ही तिघे हॉलमध्ये पंख्याखाली.

पुढची बिटर प्यायल्यावर डेरेकसाहेबांनी डोळे पुसले आणि दुसरा ग्लास मागितला. मग दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, मंडळी जमू लागली. पत्रक मी वाचले, बाटल्या मी उकळल्या, सुरमई मी तळली, आणि नाव पडले "रमणची बिटर". यजमानांनी दोनदा सर्वांना सांगितले की यात कल्पनाचा हात आहे. मंडळींना वाटले, सुरमईबद्दल बोलतात.

बाटल्या जैनुद्दीनभाईंच्या दुकानातून यायच्या. सरबतांच्या रिकाम्या बाटल्या ते माझ्यासाठी बाजूला ठेवत. त्यांचा धर्म मला माहीत, माझे काम त्यांना माहीत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "वहिनी, मी इचारत नाय, तुमी सांगू नका." पंधरा वर्षे दोघांनी शब्द पाळला.

ड्रम आणि यंत्र देविकाचे. नको असल्यास ड्रमात तांदूळ ठेवावेत.

५. गुरुवारच्या मंडळींना, समान वाट्याने, ते सूचनापत्रक. यजमान आजारी पडल्यावर दहातले दोघे भेटायला आले. बाकीच्यांनी उबदार जागी राहावे.

६. दीर श्री. प्रसाद यांना बिअरचा जोर मोजायचा काचेचा काटा.

हा काटा ड्रमात तरंगतो आणि आत किती चढले ते दाखवतो. प्रसादभावजी २००१ साली आमच्या खर्चाने तीन आठवडे इथे येऊन गेले. आमच्या बिटरमध्ये जोर इतका कमी असे की मंडळी गुरुवारी पिऊन शुक्रवारी पहाटे बॅडमिंटनला जात. भावजींनी एका बैठकीत अकरा बाटल्या संपवल्या आणि माझ्या तुळशीच्या कुंडीत ओकले. या घरात दारू चढलेला मी पाहिलेला तो एकमेव माणूस.

तेच भावजी माझ्या यजमानांच्या तेराव्याला, मुलुंडला, पानावर बसलेल्या वीस जणांसमोर म्हणाले, "लिव्हर कशाने जातं ते मला शिकवू नका, वहिनी. घरात ड्रम ठेवणाऱ्याचं दुसरं काय होणार?"

देविका वाढत होती. तिच्या हातात कोशिंबिरीचे भांडे होते. तिने ते खाली ठेवले आणि आत गेली. पुण्याला हॉस्टेलवर परत गेल्यावर तिने फोनवर मला एकच विचारले. "आई, तू बाबांना थांबवलं का नाहीस?" मी म्हटले, कार्ड संपतंय. कार्ड संपत नव्हते. त्याला तीन वर्षे होतील. ती दर शुक्रवारी फोन करते, माझे गुडघे विचारते, इथली हवा विचारते. बाबांचे नाव काढत नाही.

काटा भावजींनी स्वतःवर वापरावा.

७. निळ्या पुठ्ठ्याची वही. ही देविकाची, आणि हे कलम तिने एकटीने वाचावे.

देविका, तुझ्या बाबांना १९९८ साली कावीळ ब निघाली. जुनी, शरीरात मुरलेली. तुझ्या जन्माआधी अपघातात रक्त चढवले होते, त्यातून असावी असे डॉक्टर म्हणाले. तुला दहावीआधी तीन इंजेक्शने दिली होती आणि ती सहलीसाठी आहेत असे सांगितले होते, ती आठवत असतील. तू विचारलेस की सहल तर इथल्याच निझवाची, तिथे कसले इंजेक्शन. मलाही दिली. सहल मला नव्हती.

त्या दिवसापासून बाबांनी बिअरचा थेंब घेतला नाही. पाहुण्यांसमोर ग्लासात ॲपलचा ज्यूस असे.

हे कोणाला सांगायचे नाही असे वचन त्यांनी माझ्याकडून घेतले. दर दोन वर्षांनी व्हिसा नवा करायचा, तपासणीत आजार निघाला तर नोकरी जाईल अशी धास्ती त्यांनी घेतली. खरे काय असते ते आम्ही कोणाला विचारलेही नाही, विचारणे म्हणजेच सांगणे होते. मी म्हटले, लोक दारूचे नाव घेतील. ते म्हणाले, "घेऊ दे. दारुड्याला कोणी व्हिसा नाकारत नाही. देविकाची फी भरायची आहे. आणि तिला कधी कळू देऊ नकोस, फीसाठी बाप गप्प बसला हे ओझं घेऊन ती शिकणार नाही."

तू शिकलीस. वचन मी जिवंत असेपर्यंतचे होते, असा मी त्याचा अर्थ लावते. डॉक्टरांचे कागद भिजले, पण वही फळीवर होती. ती १९९८ पासून पुढे वाच. अक्षर त्यांचे आहे, जीभ माझी.

बनवायचे त्यांनी सोडले नाही. मी एक चमचा चाखायची आणि ते समोर पेन घेऊन बसत. "कशी झाली?" पहिल्यांदा मी म्हटले, कडू. ते म्हणाले, "कडू तर कारलंही असतं. नीट सांग." मग मला नीट सांगायला शिकावे लागले. पुस्तके वाचून जे आले नाही ते त्या चमच्याने आले. वहीत आहे बघ. "कल्पना म्हणते: करपलेल्या पोळीची कड, मागून संत्र्याची साल." "कल्पना म्हणते: पातळ. भिजलेला पुठ्ठा." "कल्पना म्हणते: बरी आहे, पण डेरेक रडणार नाही." सहा वर्षे ते माझ्या तोंडून प्यायले.

२००४ च्या नोव्हेंबरात ते हॉस्पिटलमधून शेवटचे घरी आले तेव्हा मी ड्रम बाहेर काढून त्यांचा पलंग एसीत लावला. त्यांनी ड्रम परत आत आणायला लावला. आम्ही दोघे आणि तो, असे तिघे त्या खोलीत होतो. झाकणावरच्या नळीतून बुडबुडा निघाला की ते बोटाने मोजत. मला म्हणाले, "चौदा दिवस झाले की भर. माझ्यासाठी थांबू नकोस." नवव्या दिवशी ते गेले. बुडबुडे चालू होते. पुढचे पाच दिवस मी त्या खोलीचा एसी बंद केला नाही, आणि सुतकात, ड्रमच्या चौदाव्या दिवशी, छत्तीस बाटल्या भरल्या. मग अस्थी घेऊन मुलुंडला आले. हेही भावजींना कळू दे.

त्या बाटल्या मी उघडल्या नाहीत. कशी झाली हे विचारणारे कोणी नव्हते. काही उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा फुटल्या, बाकीच्या वादळाने नेल्या. एक उरली. ती फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे आहे.

८. ती बाटली देविकाची. फ्लॅटला अट नाही, हिला आहे. विकू नये, ओतून टाकू नये, भावजींना दाखवू नये. वहीतले शेवटचे पान बाटल्या भरल्याची तारीख घालून ठेवले आहे, खाली जागा कोरी आहे. बाटली उघड, एक चमचा घे. आंबट झाली असेल, तसे लिही. "कडू" एवढेच लिहू नकोस, ते चालत नाही. सुरुवातीला "देविका म्हणते" असे घाल. तुझे मराठी अक्षर अडखळते, अडखळू दे. त्यांना वाचायला वेळ आहे.

वर लिहिलेले मी पुन्हा एकदा वाचले. खोडण्यासारखे बरेच आहे, खोडायचे काही नाही.

अल हैल, सीब
शुक्रवार, २० जुलै २००७

(सही) कल्पना रमण टिपणीस

साक्षीदार:

१. (सही) खैरुन्निसा. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. एसी मिळाला. त्यांनी रात्री आमच्याकडे झोपायला यावे असे मी सांगितले आहे, त्या ऐकत नाहीत.

२. (सही) जैनुद्दीन, किराणा दुकान, अल हैल. सही माझ्यासमोर झाली. आत काय लिहिले आहे ते मी विचारले नाही, वहिनींनी सांगितले नाही.